दिलंय तेवढंच धरा

सर्व बैल झाडे आहेत. सर्व झाडे पुस्तके आहेत. तर मग सर्व बैल पुस्तके आहेत का?

आमच्या आसेगावात संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या मुलांपुढे मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न फळ्यावर लिहिते. आधी हशा पिकतो. मग मागच्या रांगेतून आवाज येतो, "मॅडम, बैल कुठं झाड असते काय?" शंका अगदी रास्त आहे. ती दडपून पुढे गेलं की अशा प्रश्नांचं प्रकरण कायमचं कच्चं राहतं, म्हणून मी त्या शंकेपाशीच मुक्काम करते.

आसेगाव वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यात. सोयाबीन, तूर, हरभरा यावर चालणारं गाव. इथल्या मुलांचा दिवस अंधारात सुरू होतो, कारण पोलीस भरतीची तयारी करणारे पहाटेच रस्त्यावर धावायला निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे गुण ५०, लेखी परीक्षेचे १००. लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणी. धावण्यात ही पोरं कुणाला हार जात नाहीत. बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका आणि दिशा जमतात, नातेसंबंधाचे प्रश्न तर चुटकीसरशी सुटतात. घोडं अडतं ते 'विधाने आणि निष्कर्ष' या प्रकरणात. क्लासवाले त्याला सिलॉजिझम म्हणतात.

प्रश्नाचं स्वरूप साधं असतं. वर दोन किंवा तीन विधानं, खाली दोन-तीन निष्कर्ष. विधानं खरी मानायची आणि कोणता निष्कर्ष त्यातून नक्की निघतो ते सांगायचं. तलाठी भरतीच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करताना हे प्रकरण टाळून चालत नाही. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, ८० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात. तो पेपर आता ३३ टक्क्यांचा पात्रता पेपर झाला असला तरी चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातोच. बँकेच्या क्लार्क पूर्व परीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद.

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय घेतला होता. आपल्या बोर्डात कला शाखेला तो आहे, हे आमच्याकडे फार जणांना ठाऊकही नसतं. लग्न होऊन आसेगावात आले आणि त्या विषयाचा खरा उपयोग इथे झाला. या मुलांना शिकवताना माझं एक मत पक्कं झालं. इथल्या मुलांना तर्क शिकवावा लागत नाही, तो त्यांच्याकडे भरपूर आहे. शिकवावं लागतं ते एवढंच, की परीक्षेच्या कागदापुरतं आपल्याला माहीत असलेलं सगळं बाजूला ठेवायचं आणि दिलंय तेवढंच धरायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण गावात वाढलेल्या माणसाला ते फार जड जातं. त्यामागे कारण आहे.

अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानातल्या खेड्यांमध्ये गेले होते. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी असेच प्रश्न विचारले. त्यातला एक आपल्या वऱ्हाडाला जवळचा, कापसाचा. कापूस फक्त उष्ण आणि कोरड्या हवेत येतो. इंग्लंडमध्ये हवा थंड आणि दमट असते. तर तिथे कापूस येईल का? अनेकांनी उत्तर द्यायचंच नाकारलं. मी तिकडे गेलो नाही, मला कसं माहीत असणार, असा त्यांचा सूर होता. लुरियांचं हे काम पुस्तकरूपाने १९७४ साली, म्हणजे चाळीसेक वर्षांनी छापलं गेलं.

हाच प्रश्न मी माझ्या सासऱ्यांना विचारला. उभा जन्म त्यांचा वावरात गेला आहे. ते म्हणाले, "हवेचं जाऊ दे पोरी, तिथली जमीन कशी हाय थे पाहा लागते. काळी असन तं येईन." मी म्हटलं, "बाबा, जमिनीचं यात काहीच दिलेलं नाही." त्यावर ते म्हणाले, "मंग इचारतेस कायले?"

हे अज्ञान आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या माणसाला एका चुकीच्या अंदाजाने अख्खा हंगाम गमवावा लागतो, तो दुसऱ्याने सांगितलेलं विधान तपासल्याशिवाय स्वीकारत नाही. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रानेसुद्धा, हीच सवय नियम म्हणून घालून दिली आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' संस्कृतच्या विद्यार्थ्यांना आजही लावतात. त्यात दुसऱ्याला पटवून देण्यासाठीच्या अनुमानाला पाच पायऱ्या आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. ते 'जसं स्वयंपाकघरात' वगळता येत नाही. नियम सांगितलास तर तो प्रत्यक्ष कुठे दिसतो ते दाखव, हा आग्रह त्यात आहे. 'बैल झाड आहे' असं म्हणणाऱ्याला नैयायिकांनी पुढे जाऊच दिलं नसतं.

परीक्षेतला प्रश्न मात्र दुसऱ्या घराण्याचा आहे. तो इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या ॲरिस्टॉटलकडून आला. तिथे विधानं खरी आहेत की खोटी हा प्रश्नच नाही. ती मान्य केली तर पुढे काय मान्य करणं भाग आहे, एवढंच पाहायचं. लुरियांनंतर सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल यांच्यासारख्या संशोधकांनी लायबेरियातल्या खेड्यांत असेच प्रश्न विचारून पाहिले. ज्यांनी दिलेली विधानं धरून उत्तर दिलं, त्यांचा विचार बहुधा बरोबरच होता. फरक होता तो विधानं धरायची की नाही, यात. शाळेच्या थोड्या वर्षांनी तो फरक बराच कमी होतो. म्हणून मी मुलांना सांगते, वावरात असाल तेव्हा बाबांसारखं विचारा, पेपरात बसलात की विचारू नका.

आणि ही अडचण फक्त खेड्याची आहे असं कुणी समजू नये. इंग्लंडमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष विधानांमधून निघत नव्हता, पण ऐकायला खरा वाटत होता, तेव्हा ७१ टक्के वेळा तो बरोबर म्हणून स्वीकारला गेला. निघतही नव्हता आणि ऐकायलाही पटत नव्हता, तेव्हा फक्त १० टक्के वेळा. तर्काची चूक दोन्हीकडे तीच होती. पटण्या-न पटण्याने एवढी उलथापालथ झाली.

हे मी वर्गात जसंच्या तसं पाहते. फळ्यावर लिहिते : सर्व शेतकरी मतदार आहेत. काही मतदार शिक्षक आहेत. निष्कर्ष, काही शेतकरी शिक्षक आहेत. निघतो का? जवळजवळ सगळे हात वर. का, तर गावोगावच्या कितीतरी गुरुजींची शेती आहे, सगळ्यांना ठाऊक. मग त्याच्याखाली लिहिते : सर्व बोकड प्राणी आहेत. काही प्राणी मासे आहेत. निष्कर्ष, काही बोकड मासे आहेत. आता एकही हात वर नाही. दोन्ही प्रश्नांचा सांगाडा एकच आहे, नुसते शब्द बदललेत, हे मुलांच्या लक्षात येतं तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. निष्कर्ष फार पटायला लागला की शब्द बदलून पाहायचे, ही पहिली युक्ती तिथेच रुजते.

दुसरी गोष्ट दाण्यांची. लुईस कॅरॉल या टोपणनावाने ॲलिसची गोष्ट लिहिणारे गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत. त्यांनी १८८६-८७च्या सुमारास मुलांसाठी तर्काचा एक खेळ काढला होता : चौकोनांचा पट आणि त्यावर ठेवायच्या लाल-करड्या सोंगट्या. लाल सोंगटी म्हणजे इथे कुणीतरी आहे, करडी म्हणजे इथे कुणीच नाही. त्याच्या थोडं आधी, १८८० साली, जॉन वेन यांनी एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची पद्धत मांडली होती. मी दोन्ही एकत्र केलं. जमिनीवर खडूने तीन वर्तुळं काढायची, एकमेकांना छेदणारी. सोंगट्यांच्या जागी हरभऱ्याचा दाणा आणि बारीक खडे. हरभरा म्हणजे इथे नक्की कुणीतरी आहे. खडे म्हणजे ही जागा रिकामी.

वरचाच प्रश्न मांडून पाहू. तीन वर्तुळं : शेतकरी, मतदार, शिक्षक. सर्व शेतकरी मतदार आहेत, म्हणजे शेतकऱ्यांच्या वर्तुळाचा जो भाग मतदारांच्या बाहेर पडतो तिथे कुणी नाही. तिथे खडे टाकायचे. आता दुसरं विधान, काही मतदार शिक्षक आहेत. मतदार आणि शिक्षक जिथे एकमेकांवर येतात तिथे हरभरा ठेवायचा. ठेवायला गेलं की हात थांबतो, कारण त्या जागेचे दोन तुकडे आहेत. एक शेतकऱ्यांच्या आतला, एक बाहेरचा. विधानाने सांगितलेलं नाही कोणता. मग दाणा ठेवायचा कुठे? बरोबर रेषेवर. कॅरॉलसुद्धा अशा वेळी सोंगटी रेषेवरच ठेवत.

दाणा रेषेवर बसला की सगळं समजतं. काही शेतकरी शिक्षक आहेत, हे नक्की म्हणता येत नाही, कारण दाणा बाहेर सरकवला तरी एकही विधान मोडत नाही. पण 'काही शेतकरी शिक्षक असण्याची शक्यता आहे' असा निष्कर्ष दिला असेल तर तो मात्र निघतो, कारण दाणा आत सरकवायलाही कुणाची हरकत नाही. आणि दोन निष्कर्ष असे दिले असतील की पहिला 'काही शेतकरी शिक्षक आहेत' आणि दुसरा 'एकही शेतकरी शिक्षक नाही', तर एकटा कुठलाच निघत नाही, पण दोन्हीपैकी एक खरा असणारच. तिथे 'एकतर १ किंवा २' हा पर्याय निवडायचा. नक्की, शक्यता आणि एकतर-किंवा, हे तीन वेगळे धडे म्हणून पाठ करणारी मुलं मी पाहिली आहेत. एका हरभऱ्यात तिन्ही कळतात.

परीक्षेच्या खोलीत अर्थातच दाणे नसतात. तिथे कच्च्या कागदावर झरझर वर्तुळं काढायची आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : सगळी विधानं पाळून हा निष्कर्ष मोडणारं चित्र मला काढता येतं का? काढता आलं, तर निष्कर्ष निघत नाही. कितीही प्रयत्न केला तरी मोडत नसेल, तर निघतो. बहुतेक मुलं उलटं करतात. निष्कर्षाला जुळणारं एक चित्र काढतात आणि खूश होऊन टिक करतात. जुळणारं चित्र फक्त शक्यतेच्या प्रश्नाला पुरतं. निश्चिततेच्या प्रश्नात मोडायलाच जावं लागतं. बैल-झाड-पुस्तकांचं बघा : बैलांचं वर्तुळ झाडांच्या आत, झाडांचं पुस्तकांच्या आत. बैल बाहेर काढून दाखवा. निघत नाही. म्हणून निष्कर्ष बरोबर, जगात कुठलाही बैल पुस्तक नसला तरी.

मोबाइलवरच्या क्लासमध्ये याऐवजी कोष्टक पाठ करून घेतात. सर्व अधिक सर्व बरोबर सर्व, काही अधिक सर्व बरोबर काही, सर्व अधिक काही बरोबर काहीच नाही. कोष्टक चुकीचं नाही, पण त्यावर विसंबणाऱ्या मुलांचं नुकसान होताना मी पाहते. विधानांचा क्रम उलटा छापला, मधलं पद दुसऱ्या जागी आलं, तिसरं विधान जोडलं, की कोष्टक हातातून निसटतं. ॲरिस्टॉटलच्या पद्धतीत दोन विधानं आणि एक निष्कर्ष यांच्या एकूण २५६ मांडण्या होतात. त्यातल्या परंपरेने २४ बरोबर धरल्या आहेत. कुणी पाठ करायच्या त्या? चित्र काढणारं मूल सुरुवातीला मागे पडतं हे खरं आहे, ३४ सेकंदांचा धाक खोटा नाही. पण सराव झाला की कागदावर तीन वर्तुळं काढायला वेळ लागत नाही, आणि पुढे तर ती डोक्यातच काढली जातात.

शब्दांपाशी मात्र थांबावंच लागतं. सगळ्यात जास्त गुण खातो तो 'काही' हा शब्द. गावात कुणी म्हणालं, काही लोकांचा पीक विमा जमा झाला, की ऐकणारा लगेच समजतो, बाकीच्यांचा झाला नाही. बोलण्यात ते बरोबर आहे. पेपरात 'काही' म्हणजे निदान एक, इतकंच. सर्वांचा झाला असला तरी 'काहींचा झाला' हे खरंच राहतं. म्हणून 'सर्व बैल झाडे आहेत' यावरून 'काही बैल झाडे आहेत' हा निष्कर्ष निघतो, आणि 'काही झाडे बैल आहेत' हाही. विज्ञान शाखेची मुलं इथे संचांचं गणित काढतात : रिकाम्या संचाबद्दल 'सर्व' म्हटलं तरी ते खरंच, मग 'काही' कसं निघेल? प्रश्न बिनतोड आहे. आधुनिक तर्कशास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे आणि त्या हिशेबाने २४ऐवजी १५च मांडण्या उरतात. पण स्पर्धा परीक्षा जुनी परंपरा धरतात, ज्याचं नाव घेतलं तो निदान एक तरी आहे असं मानतात. पेपरात तेच धरायचं.

बँकेच्या परीक्षेत 'फक्त काही' येतं. त्याचा अर्थ मात्र आपल्या बोलण्यासारखाच : काही आहेत आणि काही नाहीत, दोन्ही एकदम. नुसत्या 'फक्त'ची गंमत वेगळी. भरतीच्या जाहिरातीचंच उदाहरण घ्या : फक्त पदवीधर अर्ज करू शकतात. याचा अर्थ सर्व अर्जदार पदवीधर आहेत. सर्व पदवीधरांना अर्ज करता येईल असा अर्थ होत नाही, कारण वय, आरक्षण, स्थानिक अट पुढे असतेच. आत कोणतं वर्तुळ आणि बाहेर कोणतं, हे या एका शब्दाने उलटं होतं. मी मुलांकडून प्रत्यक्ष जाहिरातींतल्या अटी वर्तुळांत मांडून घेते. तर्काचा सराव आणि जाहिरात समजून घेणं, दोन्ही कामं होतात.

आता माझी एक तक्रार, आणि ती मुलांबद्दल नाही. सरावाच्या पुस्तकांत आणि कधीकधी पेपरातही असं विधान छापलेलं असतं : 'सर्व विद्यार्थी खेळाडू नाहीत.' याचा अर्थ काय? एकही विद्यार्थी खेळाडू नाही, की काही विद्यार्थी खेळाडू नाहीत? मराठीत दोन्ही अर्थ होतात. 'सभेला सर्व सदस्य हजर नव्हते' हे वाक्य इतिवृत्तात वाचलं की आपण समजतो काही जण आले होते. पण 'ही सर्व औषधं चालणार नाहीत' असं डॉक्टर म्हणाले तर आपण त्यातलं एकही घेत नाही. संदर्भावरून माणूस अर्थ लावतो, आणि परीक्षा तर संदर्भ टाकून द्या म्हणते. मग वाक्यच दुटप्पी असेल तर मुलाने काय धरायचं? दोन अर्थांनी दोन वेगळी चित्रं होतात आणि पुष्कळदा दोन वेगळी उत्तरं येतात.

सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीची परीक्षा इंग्रजी-हिंदीसोबत १३ प्रादेशिक भाषांमध्ये घेण्याचं अर्थ मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर केलं. त्यात मराठी आहे, आणि आमच्यासारख्या गावातल्या मुलांसाठी ती फार मोठी गोष्ट आहे. मात्र मराठीत प्रश्न देणं म्हणजे इंग्रजी वाक्यातल्या शब्दांजागी मराठी शब्द ठेवणं नव्हे. 'एकही विद्यार्थी खेळाडू नाही' आणि 'काही विद्यार्थी खेळाडू नाहीत' ही दोन वाक्यं मराठीत स्वच्छ आहेत, कुणालाही कळतात. प्रश्न काढणाऱ्यांनी या दोनपैकीच एक वापरावं आणि 'सर्व… नाहीत' ही रचना या प्रकरणातून काढून टाकावी.

तोवर मुलांनी एवढं करावं. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत मराठीसोबत इंग्रजी प्रश्नही छापलेला असतो. 'सर्व… नाहीत' दिसलं की लगेच शेजारची इंग्रजी ओळ पाहावी. तिथे 'नो'ने सुरुवात असेल तर 'एकही नाही', 'सम… नॉट' असेल तर 'काही नाहीत'. इंग्रजी ओळही गोंधळाची निघाली, तर प्रश्नावर खूण करून पुढे जावं, त्यावर मिनिट घालवू नये. परीक्षेनंतर आयोगाची पहिली उत्तरतालिका येते आणि हरकतींसाठी मुदत असते. त्या मुदतीत हरकत नोंदवताना 'प्रश्न चुकीचा आहे' एवढंच लिहून भागत नाही. एका अर्थाची आकृती, दुसऱ्या अर्थाची आकृती, दोन्हींची वेगवेगळी उत्तरं, असं मांडून द्यावं. हे मांडणं आमच्या अभ्यासातला शेवटचा पाठ आहे आणि मी तो परीक्षेच्या आधीच घेते.